चित्ररेषांचे प्रमाण : उच्चस्पष्टता दूरचित्रवाणीची स्वरूपे आणि प्रक्षेपणमाने

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने दूरचित्रवाणीच्या रेषा मोजीत बसावे, हे प्रथमदर्शनी काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु आज बोलींचा अभ्यास केवळ कानांनी होत नाही. बोलणाऱ्याचे ओठ, भुवया, हातवारे आणि समोरच्याचा हुंकार ह्या सर्वांची नोंद आपण चित्रमुद्रणाने करतो. ते चित्रमुद्रण ज्या स्वरूपात होते ती स्वरूपे भाषाभ्यासकांनी ठरविलेली नाहीत. ती दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी ठरली आणि तेथून आपल्या कॅमेऱ्यांत आली. तेव्हा आपल्या संग्रहातील पुराव्याची ताकद किती आणि मर्यादा कोणती, हे समजून घ्यावयाचे तर ह्या स्वरूपांची ओळख करून घेणे अपरिहार्य आहे.

मराठीत 'प्रमाण' हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ माप. दुसरा अर्थ सर्वांनी मान्य केलेला नमुना, ज्या अर्थाने आपण 'प्रमाणभाषा' म्हणतो. आणि तिसरा, न्यायशास्त्रातून आलेला अर्थ म्हणजे ज्ञानाचे साधन, पुरावा. उच्चस्पष्टता दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. प्रस्तुत लेखात प्रथम मापांचा, नंतर ती माने कशी मान्य झाली ह्याचा आणि शेवटी पुराव्याच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

'उच्चस्पष्टता' ह्या विशेषणाविषयीही आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. लंडनमध्ये नोव्हेंबर १९३६ मध्ये बी. बी. सी.ने नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा ४०५ रेषांच्या चित्राला 'उच्चस्पष्टता' असेच म्हटले गेले होते. कारण त्याआधीची चित्रे ३० रेषांची होती. आज ज्याला आपण कनिष्ठ समजतो ते ६२५ रेषांचे चित्रही त्या चित्रापेक्षा वरचढ होय. म्हणजे 'उच्च' हे येथे सापेक्ष विशेषण आहे आणि दर पिढीत त्याचा अर्थ सरकत आला आहे. म्हणून विशेषणावर विसंबून न राहता आकड्यांकडे जाणे श्रेयस्कर.

२. मान म्हणजे काय : पाचोरा-जामनेर मार्गाचे उदाहरण

जामनेरकरांना 'मान' म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबई-भुसावळ हा लोहमार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा. त्यावरील पाचोरा स्थानकाहून जामनेरकडे येणारा ५६ किलोमीटरांचा 'पीजे'चा मार्ग मात्र ७६२ मिलिमीटरांचा, म्हणजे अडीच फुटी. दोन्ही मार्ग आपापल्या परीने निर्दोष होते. परंतु एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर चालत नसे, आणि म्हणून प्रत्येक उतारूला व प्रत्येक पोत्याला पाचोऱ्याला उतरून गाडी बदलावी लागे. ही गाडी २०२० मध्ये थांबली आणि पुढे मार्ग रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की मान हे गुणवत्तेचे नाव नव्हे. ते कराराचे नाव आहे. अमुक रुंदी निसर्गतः श्रेष्ठ नसते. ती दोन्ही टोकांना सारखी असणे महत्त्वाचे. दुसरी अशी की दोन मानांच्या सांध्यावर नेहमी काहीतरी खर्ची पडते. पाचोऱ्याला वेळ आणि हमाली खर्ची पडत असे. चित्रांच्या सांध्यावर तपशील खर्ची पडतो.

भाषेच्या क्षेत्रातही स्थिती फारशी निराळी नाही. जामनेर-भुसावळ टापूतील तावडी किंवा पश्चिमेकडील अहिराणी ह्या बोली प्रमाण मराठीच्या तुलनेत 'कमी' नाहीत. त्यांच्यामागे शाळा, छापखाना आणि कचेरी उभी राहिली नाही, एवढाच फरक. ग्रियर्सनने आपल्या भारतीय भाषासर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आणि खानदेशीची नोंद मात्र नवव्या खंडात भिल्ल भाषांच्या शेजारी केली. सीमारेषा कोठे ओढावयाची हा निर्णय तेथेही कुणीतरी घेतलेला होता.

३. जुने मान : ६२५ रेषा

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. १९८२ मध्ये रंग आले आणि १९८४ च्या सुमारास देशभर उभारलेल्या लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे जिल्ह्या-जिल्ह्यांतून दूरदर्शन दिसू लागले. ह्या सर्व काळात एकच मान होते : ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे, आणि रंगासाठी जर्मनीत वॉल्टर ब्रुख ह्यांनी सिद्ध केलेली 'पाल' पद्धत.

ह्या आकड्यांमागील कारणे पाहण्यासारखी आहेत. सेकंदाला २५ चित्रे दाखविली तर हालचाल सलग भासते, पण पडदा लुकलुकतो. ५० दाखविली तर लुकलुक थांबते, पण दुप्पट माहिती पाठवावी लागते. ह्यातून काढलेली तोड अशी : प्रत्येक चित्राचे दोन भाग करावयाचे, प्रथम विषम रेषा, नंतर सम रेषा. ह्या अर्ध्या चित्राला 'क्षेत्र' असे म्हणतात. सेकंदाला ५० क्षेत्रे येतात, डोळ्याला लुकलुक जाणवत नाही, आणि वाहून न्यावयाची माहिती मात्र २५ पूर्ण चित्रांएवढीच राहते. ह्यास आपण 'एकाआड-एक पद्धत' म्हणू. पूर्ण चित्र एकदम पाठविण्याच्या पद्धतीस 'सलग पद्धत' म्हणू.

५० हाच आकडा का, ह्याचे उत्तर विजेच्या तारेत सापडते. आपल्याकडे विद्युत्प्रवाहाची वारंवारता सेकंदाला ५० आहे. अमेरिकेत ती ६० आहे. विजेच्या स्पंदनाशी मेळ राखला नाही तर चित्रावर हलणारे पट्टे दिसत, म्हणून तेथे ६० क्षेत्रे आणि ५२५ रेषा असे मान झाले. ६२५ आणि ५२५ हे आकडेही स्वैर नाहीत. एकाआड-एक पद्धतीस विषम संख्या सोयीची. आणि त्या काळच्या विद्युन्मंडलांना लहान लहान भाजकांनी भागता येईल अशी संख्या हवी होती. ६२५ म्हणजे पाचाचा चौथा घात. ५२५ म्हणजे ३, ५, ५ आणि ७ ह्यांचा गुणाकार.

६२५ पैकी प्रत्यक्ष पडद्यावर येणाऱ्या रेषा ५७६. उरलेल्या रेषांचा काळ किरणाला खालून पुन्हा वर नेण्यात जाई. चित्राची रुंदी व उंची ह्यांचे प्रमाण ४:३ होते. पुढे १९८२ मध्ये चित्रे अंकांत नोंदविण्याचे पहिले आंतरराष्ट्रीय मान झाले, तेव्हा एका रेषेवर ७२० बिंदू धरण्यात आले. ह्या मानाची खुबी अशी की ५२५ आणि ६२५ ह्या दोन्ही पद्धतींना एकच नमुनावेग, सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष, लागू पडतो. आणि दोहोंत रेषेवरील बिंदू ७२० हेच राहतात. दोन बोली बोलणाऱ्यांनी निदान वर्णमाला एक ठरवावी, तशातला हा प्रकार होय.

४. नवी माने : ७२० आणि १०८०

उच्चस्पष्टता प्रक्षेपणात प्रामुख्याने दोन स्वरूपे रूढ आहेत. पहिल्यात १२८० बिंदूंच्या ७२० रेषा असतात व चित्र सलग पद्धतीने सेकंदाला ५० वेळा येते. दुसऱ्यात १९२० बिंदूंच्या १०८० रेषा असतात व चित्र एकाआड-एक पद्धतीने, सेकंदाला ५० क्षेत्रे ह्या वेगाने येते. व्यवहारात ह्यांना अनुक्रमे '७२०-पी' आणि '१०८०-आय' म्हणतात. 'पी' हे सलग पद्धतीचे आणि 'आय' हे एकाआड-एक पद्धतीचे चिन्ह. ज्या देशांत विजेची वारंवारता ६० आहे, तेथे ५० च्या जागी ६० किंवा त्याच्या किंचित खालचा आकडा येतो. आपल्याकडील उच्चस्पष्टता वाहिन्यांत दुसरे स्वरूप अधिक प्रचलित आहे.

आता बिंदूंची गणती करू. जुन्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू. ७२० रेषांच्या चित्रात ९,२१,६००. १०८० रेषांच्या चित्रात २०,७३,६००. म्हणजे जुन्याच्या बरोबर पाचपट. त्यापुढील, २१६० रेषांच्या अतिउच्चस्पष्टता चित्रात ह्याच्याही चौपट, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात.

परंतु केवळ एका चित्राचे बिंदू मोजून भागत नाही. काळही मोजावा लागतो. ७२०-पी मध्ये सेकंदाला ५० पूर्ण चित्रे, म्हणजे सुमारे ४ कोटी ६१ लक्ष बिंदू येतात. १०८०-आय मध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रांएवढे, म्हणजे सुमारे ५ कोटी १८ लक्ष. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. तेव्हा ह्या दोन स्वरूपांतील निवड ही 'कमी' आणि 'अधिक' ह्यांतील निवड नसून, माहिती अवकाशात खर्च करावयाची की काळात, ह्यांतील निवड आहे. स्थिर दृश्य, विस्तीर्ण शेत, बारीक नक्षीचे वस्त्र ह्यांना १०८० रेषा मानवतात. धावता खेळाडू किंवा झपाट्याने हलणारे हात ह्यांना ७२० रेषांची पन्नास पूर्ण चित्रे मानवतात. हे तारतम्य पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

नव्या चित्रांचे आकारप्रमाण १६:९ आहे. ४ चा वर्ग १६ आणि ३ चा वर्ग ९. म्हणजे जुन्या प्रमाणाचाच हा वर्ग होय. चित्रपटाचा रुंद पडदा आणि दूरचित्रवाणीचा जुना पडदा ह्यांच्या मध्यावर तो पडतो. आणखी एक सुधारणा अशी की नव्या चित्रातील बिंदू चौरस आहे. जुन्या ७२० गुणिले ५७६ च्या चित्रात बिंदू चौरस नव्हता. तसा तो असता तर रेषेवर ७६८ बिंदू लागले असते. जुनी चित्रे संगणकावर किंचित बेडौल दिसतात, त्याचे मूळ येथे आहे.

५. एकमताचा इतिहास

जपानच्या राष्ट्रीय प्रसारणसंस्थेने, एन. एच. के.ने, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर अधिक स्पष्ट चित्राचे संशोधन हाती घेतले. त्यातून ११२५ रेषा आणि सेकंदाला ६० क्षेत्रे असे मान सिद्ध झाले. ११२५ ह्या संख्येचे ५२५ शी नाते १५:७ आणि ६२५ शी ९:५. म्हणजे दोन्ही जुन्या मानांशी जुळवून घेण्याची दृष्टी तिच्यात होती. मात्र काळाच्या बाबतीत ६० हा आकडा कायम राहिला. १९८६ मध्ये दुब्रोव्हनिक येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ-सल्लागार समितीच्या अधिवेशनात हे मान जगासाठी स्वीकारावे असा प्रस्ताव आला, तेव्हा युरोपीय देशांनी त्यास विरोध केला. कारणे तांत्रिक होती तशीच व्यापारीही होती : ५० क्षेत्रांच्या देशांतील कोट्यवधी संच आणि ते बनविणारे कारखाने ह्यांचे काय होणार, हा प्रश्न होता. निर्णय लांबणीवर पडला.

युरोपने मग १२५० रेषांचे, म्हणजे ६२५ च्या दुपटीचे, स्वतःचे मान उभारावयास घेतले. जपानने १९८९ मध्ये उपग्रहावरून प्रायोगिक दैनंदिन प्रक्षेपण सुरू केले. ह्या दोन्ही पद्धतींत चित्र अखेर तरंगरूपातच वाहून नेले जात होते. दरम्यान १९९० मध्ये अमेरिकेत चित्र संपूर्णपणे अंकरूपाने, संक्षेप करून, जुन्याच सहा मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून पाठविता येईल असा प्रस्ताव आला आणि डाव पालटला. १९९३ मध्ये युरोपने आपली १२५० रेषांची योजना सोडून दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रतिस्पर्धी संस्थांनी हातमिळवणी केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तेथील अंकीय मानाला सरकारी मान्यता मिळाली. जपानची तरंगरूप सेवा २००७ मध्ये संपुष्टात आली. जो सर्वांत आधी निघाला होता, त्याला सर्वांत आधी पोहोचल्याचा लाभ मिळाला नाही.

तरीही त्याचा ठसा उरला, हे विशेष. आज जगभर मान्य असलेल्या १०८० रेषांच्या चित्रात एकूण रेषा ११२५ च धरल्या जातात; त्यांपैकी १०८० दिसतात. आणि ५० व ६० चा वाद कसा मिटला? तो मिटविला गेला नाही. त्याला वळसा घालण्यात आला. नमुनावेग सेकंदाला ७ कोटी ४२ लक्ष ५० हजार असा एकच ठेवला. ५० च्या देशांत एका रेषेचा काळ २६४० नमुन्यांचा आणि ६० च्या देशांत २२०० नमुन्यांचा धरला. दोहोंत दिसणारे बिंदू मात्र १९२० च. २६४० गुणिले ११२५ गुणिले २५, आणि २२०० गुणिले ११२५ गुणिले ३० : दोन्ही गुणाकार वाचकांनी करून पाहावेत, उत्तर एकच येते. रूप एक, लय दोन, असा हा तह आहे. उच्चस्पष्टतेचे आंतरराष्ट्रीय मान १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा रेषांच्या संख्येवर एकमत झालेले नव्हते. ते त्या दशकाच्या अखेरीस सुधारित आवृत्त्यांतून झाले.

६. तीन थर

'उच्चस्पष्टता' ह्या एका शब्दाखाली सामान्यतः तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. त्या वेगळ्या करून पाहिल्या म्हणजे पुष्कळसा संभ्रम दूर होतो.

पहिला थर चित्राच्या स्वरूपाचा : किती रेषा, किती बिंदू, किती वेग. दुसरा थर संक्षेपाचा. १०८० रेषांचे चित्र चित्रशाळेत तारेवरून जाते, तेव्हा त्याचा ओघ सेकंदाला १ अब्ज ४८ कोटी ५० लक्ष अंकांचा असतो. अमेरिकेच्या सहा मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीत सेकंदाला सुमारे १ कोटी ९४ लक्ष अंकच मावतात. म्हणजे मूळ ओघ सुमारे सत्तराव्या हिश्शाहूनही खाली आणावा लागतो. हे काम संक्षेपपद्धती करते. जे आधीच्या चित्रात होते ते पुन्हा पाठवावयाचे नाही, आणि जे डोळ्याला जाणवणार नाही ते सोडून द्यावयाचे, ही तिची दोन सूत्रे. १९९० च्या दशकातील एम-पेग-दोन, २००३ मधील एच-२६४ आणि २०१३ मधील एच-२६५ ह्या क्रमाने त्याच गुणवत्तेला लागणारा ओघ कमी होत गेला.

तिसरा थर वहनाचा : उपग्रह, केबल किंवा जमिनीवरील मनोरा. युरोपात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'डी. व्ही. बी.' ह्या संघटनेने ह्या तिन्ही वाटांसाठी स्वतंत्र माने केली आणि भारताने हेच कुटुंब स्वीकारले. नावातील शेवटचे अक्षर वाट सांगते : 'एस' उपग्रहासाठी, 'सी' केबलसाठी, 'टी' मनोऱ्यासाठी, पुढचा '२' हा आकडा सुधारित पिढी दर्शवितो.

भाषेचे उदाहरण घ्यावयाचे तर वाक्य, त्याची लघुलिपी आणि ती वाहून नेणारे टपाल असे हे तीन थर होत. जुन्या 'पाल' पद्धतीत ते एकजीव होते; ६२५ रेषा म्हटले की रंगाची पद्धत आणि वाहिनीची रुंदी त्याच ओघात ठरे. अंकीय पद्धतीने ते सुटे केले. स्पष्टतेत झालेल्या वाढीपेक्षाही हे सुटेपण हाच खरा बदल होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण त्यामुळेच एक थर बदलताना उरलेले दोन बदलावे लागत नाहीत.

भारतातील वाटचालीतही हे थर वेगवेगळ्या वेळी बदलले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण उच्चस्पष्टतेत झाले. २०११ च्या कायदेदुरुस्तीने केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. ते चार टप्प्यांत ठरले : प्रथम महानगरे, नंतर ३८ मोठी शहरे, तिसऱ्या टप्प्यात उरलेले शहरी भाग आणि चौथ्यात खेडी, शेवटच्या टप्प्याची वाढवून दिलेली मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या उच्चस्पष्टता आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. त्याच वर्षी दूरदर्शनने मुंबई व औरंगाबाद धरून १६ शहरांत मनोऱ्यावरून अंकीय प्रक्षेपण सुरू केले. आणि जुने तरंगरूप मनोरे, सीमाभागासारखी मोजकी ठिकाणे वगळता, २०२२ पर्यंत मिटविण्याचे ठरले.

७. घराच्या उंबऱ्याशी

चित्र प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते एका साखळीने : कॅमेरा, संपादन, संक्षेप, वहन, घरातला सेट टॉप बॉक्स, तेथून निघणारी वायर आणि शेवटी पडदा. ह्या साखळीतील सर्वांत कच्ची कडी चित्राची स्पष्टता ठरविते.

लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची जुनी वायर जोडली तर तिच्या पिवळ्या तारेतून ६२५ रेषांपलीकडचे चित्र जाऊच शकत नाही. बॉक्स आणि संच दोन्ही उच्चस्पष्टतेचे असले तरीही. त्यासाठी एच. डी. एम. आय.सारखी वायर लागते. 'एच. डी. रेडी' असे लिहिलेल्या बहुतेक संचांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो. त्यावर १०८० रेषांचे चित्र आकसून बसविले जाते. 'फुल एच. डी.' म्हणजे १९२० गुणिले १०८०. खानदेशातील अनेक घरांवर दूरदर्शनच्या विनामूल्य सेवेची छत्री दिसते. ती जामनेरहून आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर, ९३.५ अंश पूर्वेवरील उपग्रहाकडे तोंड करून असते. त्या सेवेत जुन्या आणि नव्या संक्षेपातील वाहिन्या शेजारीशेजारी असतात. जुना बॉक्स नव्या संक्षेपातील वाहिनी उलगडू शकत नाही. येथे दोष छत्रीचा नसतो, पडद्याचाही नसतो; दुसऱ्या थरातील लिपी वाचता येत नाही, एवढेच.

तरंगरूप चित्र कमकुवत झाले की त्यात मुंग्या दिसत, पण माणूस ओळखू येई. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष राहते आणि ती ओलांडताच तुटते. पावसाळ्यात ढग दाटले की चित्र गोठते आणि मग नाहीसे होते, ह्याचे कारण हेच.

आणि हे सर्व यथास्थित असले तरी डोळ्याची मर्यादा उरतेच. निरोगी डोळा साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा पाहू शकतो. ह्यावरून गणित केले तर १०८० रेषांचा पूर्ण लाभ चित्राच्या उंचीच्या सुमारे ३.२ पट अंतरावर, ७२० रेषांचा सुमारे ४.८ पट अंतरावर आणि ५७६ रेषांचा सुमारे ६ पट अंतरावर मिळतो. बत्तीस इंची संचाची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे १०८० रेषांसाठी सव्वा मीटरावर बसावे लागेल. अडीच मीटरांपलीकडे बसणाऱ्यास जुने व नवे चित्र, दोन्ही निर्दोष असल्यास, रेषांमुळे वेगळे दिसणार नाही. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून पाहणाऱ्या कुटुंबाने उच्चस्पष्टतेसाठी जास्तीचे पैसे भरण्यापूर्वी ही फूटपट्टी हाती घ्यावी.

जुनी ४:३ ची चित्रे नव्या १६:९ च्या पडद्यावर यथाप्रमाण दाखविली तर ती रुंदीचा तीन-चतुर्थांश भाग व्यापतात. दोन्ही बाजूंस मिळून एक-चतुर्थांश पडदा काळा राहतो. तो काळा भाग सहन न होऊन पुष्कळजण चित्र ताणतात, आणि मग प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशाने रुंद होतो. करमणुकीत हे चालून जाते. अभ्यासात चालत नाही.

८. पुराव्याचा प्रश्न

येथे आपण आपल्या मूळ हेतूकडे येतो. गेल्या काही दशकांत बोलींची, लोकगीतांची, लग्नविधींची पुष्कळ चित्रमुद्रणे ज्या फितींवर झाली, त्यांवरील चित्र ६२५ रेषांचे, एकाआड-एक पद्धतीचे, ४:३ आकाराचे आहे. ह्या फिती आता झिजत आहेत आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. त्यांचे अंकीकरण करताना बहुधा एक 'सुधारणा' केली जाते : चित्र सलग करणे, १०८० रेषांपर्यंत ताणणे आणि पडदा भरून टाकणे. ह्या सुधारणेत नेमके काय हरवते ते पाहू.

प, ब, म ह्या ओष्ठ्य वर्णांच्या उच्चारात ओठ मिटतात तो काळ साधारणतः सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी असतो. सेकंदाला ५० क्षेत्रे म्हणजे प्रत्येक क्षेत्र २० सहस्रांश सेकंदांचे. मिटण्यापासून उघडण्यापर्यंत तीन-चार वेगळे क्षण हाती लागतात. चित्र सलग करणारी सोपी पद्धत दर दोन क्षेत्रांपैकी एक टाकून देते. मग प्रत्येक चित्र ४० सहस्रांश सेकंदांचे होते आणि एखाद-दुसरा क्षणच उरतो. रेषा वाढल्या, पण काळ अर्धा झाला. चित्र पूर्वीपेक्षा सुबक दिसते, आणि पुरावा पूर्वीपेक्षा दुबळा होतो. ताणून वाढविलेल्या रेषांत तर नवी माहिती मुळीच नसते. त्या शेजारच्या रेषांवरून अंदाजाने भरलेल्या असतात. पाठभेदचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर ती संपादकाची भर आहे, मूळ पोथीचा पाठ नव्हे.

म्हणून अंकीकरणासाठी पुढील पथ्ये सुचवावीशी वाटतात. फितीचे चित्र जसे आहे तसे, म्हणजे ५७६ रेषा, दोन्ही क्षेत्रे आणि ४:३ आकार कायम ठेवून, मूळ प्रत म्हणून जतन करावे. पाहण्यासाठी वेगळी, सलग केलेली प्रत करावी, आणि ती करताना प्रत्येक क्षेत्रापासून एक चित्र, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे, घडवावीत. रुंद पडद्यासाठी काळ्या पट्ट्या स्वीकाराव्यात. चेहरा ताणू नये. प्रत्येक धारिकेसोबत रेषा, वेग, पद्धत, आकार आणि केलेले रूपांतर ह्यांची नोंद ठेवावी, कारण पुढच्या अभ्यासकाला हीच नोंद लागेल.

नवे मुद्रण करताना निवड आपल्या हाती असते. उच्चारांच्या अभ्यासासाठी सेकंदाला ५० पूर्ण चित्रांची सलग पद्धत घ्यावी. त्यासाठी १०८० ऐवजी ७२० रेषांवर समाधान मानावे लागले तरी बिघडत नाही. मोबाइलमधील कॅमेरे बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतात. आपल्याकडील अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतात. ५० शी त्याचा मेळ बसतो, ६० शी बसत नाही, आणि घरातील मुद्रणात उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात. शिवाय काही मोबाइल चित्रांचा वेग मुद्रण चालू असतानाच कमी-जास्त करतात. असे चित्र 'एलान'सारख्या टिपणप्रणालीत घातले की ध्वनी आणि चित्र ह्यांची सांगड हळूहळू सुटत जाऊ शकते. तेव्हा वेग स्थिर ठेवण्याची सोय असलेले साधन निवडावे आणि ध्वनी स्वतंत्र यंत्रावर, संक्षेप न करता, मुद्रित करावा.

९. समारोप

दूरचित्रवाणीच्या मानांचा इतिहास पाहता असे दिसते की कोणतेही मान केवळ गुणांवर विजयी झाले नाही. विजेच्या तारा, कारखाने, राष्ट्रांचे हितसंबंध आणि ऐनवेळी पुढे आलेली एखादी नवी युक्ती ह्यांनी ते ठरविले. प्रमाणभाषेच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. तसेच, मान मिटले म्हणून त्यात नोंदविलेले बोल मिटत नाहीत. पण ते वाचण्याची वाट मिटू शकते. पाचोऱ्याहून येणारा अडीच फुटी मार्ग बदलताना नवा मार्ग जुन्यापेक्षा रुंद होतो हे खरे. फितींच्या बाबतीत मात्र रुंद करण्याच्या नादात मालच खाली सांडण्याचा धोका आहे.

तावडी, लेवा गणबोली आणि अहिराणी बोलणाऱ्या ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांचे मुद्रण वीस-तीस वर्षांपूर्वी झाले, त्यांतील अनेकांचे तेवढेच बोल आता उरले आहेत. त्यांचा पुन्हा एकदा, अधिक रेषांत, फोटो घेता येणार नाही. आहे ते जसेच्या तसे राखणे, आणि नवे घेताना काय राखावयाचे आहे हे आधी ठरवून मग स्वरूप निवडणे, एवढे आपण निश्चित करू शकतो. त्यासाठी लागणारे ज्ञान चार आकड्यांचे आहे : रेषा, बिंदू, वेग आणि आकार. ज्याने आपल्या पुराव्याचे हे चार आकडे लिहून ठेवले, त्याने आपल्यानंतर येणाऱ्या अभ्यासकाचे अर्धे काम केले.